व्हाळातले मासे, मयूर विहारात

जूनमधल्या एका रविवारी सकाळी गाझियाबादच्या काकांचा फोन आला, तेव्हा मी पोहे भिजवत होते. एरवी काका पहिली पाच मिनिटं उन्हाबद्दल बोलतात. त्या दिवशी त्यांनी “हॅलो”सुद्धा म्हटलं नाही.

“ताई, माझे सगळे मासे गेले. चौदाच्या चौदा.”

“अहो, काय सांगता!”

“परवा इथला ट्रान्सफॉर्मर उडाला. दीड दिवस वीज नाही. खोलीची भट्टी झाली. बर्फाच्या पिशव्या सोडल्या पाण्यात, हाताने पाणी ढवळत बसलो, पण नाही टिकले.” मग म्हणाले, “आता त्या व्हाळातले फक्त तुमच्याकडचे उरले. काल तेवढ्या एका विचारावर मला झोप लागली.”

“काका, बिल्कुल काळजी करू नका! माझ्याकडचे एकदम मस्त आहेत,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. मासे मस्त होते, त्यात खोटं काही नव्हतं. पण माझ्या टँकमध्ये दहा मासे पोहत होते, आणि त्यातले काकांचे कोणते आणि मी मागाहून घातलेले कोणते, हे मला सांगता येत नव्हतं. हे काकांना माहीत नव्हतं आणि मी ते त्यांना सांगितलं नाही.

हे नीट कळायचं तर काकांपासून सुरुवात करायला हवी. काका कोकणातले, सिंधुदुर्गातल्या एका खेड्यातले मुसलमान. चाळीस वर्षांपूर्वी गाझियाबादच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, सुपरवायझर होऊन निवृत्त झाले आणि आता बायको गेल्यावर दोन खोल्यांत माशांच्या संगतीत राहतात. मी पुण्याची, म्हणजे बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. लग्न होऊन दिल्लीला आले त्याला एकतीस वर्षं झाली. मयूर विहारच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर आमचं घर. आमची गाठ पडली ती कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात, मराठी जेवणाच्या रांगेत. मी मागच्या बाईंना माझे गप्पी मासे कसे पटापट मरतात ते तावातावाने सांगत होते, तेवढ्यात पुढचे गृहस्थ गर्रकन वळले आणि म्हणाले, “पाणी कुठलं घालता?” नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, एकदम पाणी! मला हा माणूस तिथल्या तिथे आवडून गेला.

जेवण होईपर्यंत त्यांनी मला त्यांच्या व्हाळाची सगळी हकिगत सांगितली. मी म्हटलं, “व्हाळ म्हणजे ओढा ना?” तर म्हणाले, “ओढा तुमच्या पुण्याला. आमच्याकडे व्हाळ.” त्यांच्या घरामागे पोफळीची बाग आणि बागेखाली तो व्हाळ. त्यात बोटाच्या दोन पेरांएवढे मासे. अंगाला निळी झाक, त्यावर काळसर उभे पट्टे, नराचे पर लालसर. दुकानदार त्यांना इंडिगो बार्ब म्हणतात. गावात त्यांना कुणी नावच दिलं नव्हतं, बारकी मासळी म्हणजे बारकी मासळी. बारा वर्षांपूर्वी काकांनी त्यातले वीस मासे पाणी गार ठेवणाऱ्या मोठ्या थर्मासात घालून रेल्वेने निजामुद्दीनपर्यंत आणले, दर तासाला झाकण उघडून पाणी हलवत. शेजारच्या प्रवाशाला ते सरबत वाटलं आणि तो ग्लास पुढे करत होता म्हणे!

त्यानंतर वरच्या डोंगराला चिऱ्यांच्या खाणी लागल्या. पावसाबरोबर लाल माती उतरली आणि व्हाळाचा तळ बुजला. काका दर वर्षी गावी जाऊन गुडघाभर चिखलात उभे राहून बघायचे. पहिल्या वर्षी दोन दिसले, मग एकही नाही. “आता तिथे पोरं क्रिकेट खेळतात,” ते म्हणाले आणि ताटातली कोशिंबीर इकडची तिकडे करत राहिले.

तशा जातीचे मासे दुसऱ्या ओढ्यांत अजून आहेत. पण काकांचं म्हणणं असं, की प्रत्येक पाण्यातला मासा थोडा निराळा. त्यांच्या व्हाळातल्याचा शेपटीजवळचा पट्टा रुंद. दुसऱ्या पाण्यातला त्यात मिसळला की पुढची पिढी दोन्हीकडची नाही, आणि मग ते परत वेगळं काढता येत नाही, चहातून दूध काढता येत नाही तसं. असे मासे सांभाळणाऱ्या मंडळींची म्हणून एक रीत आहे. प्रत्येक टँकवर कागदाची पट्टी चिकटवायची: कुठलं पाणी, कुणाकडून आले, कधी आले. पट्टी नसलेला मासा कितीही देखणा असो, पैदाशीला घ्यायचा नाही. पट्टी असलेल्या टँकमध्ये बाहेरचा मासा टाकायचा नाही. आणि पिल्लं झाली की निम्मी दुसऱ्या घरी द्यायची, सगळी एका घरात ठेवायची नाहीत.

त्या रितीनेच काकांनी मला आठ मासे दिले. आधी आणखी दोघांना दिले होते. एक जण कॅनडाला गेला, दुसऱ्याचे संपले. पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून आणली आणि माझ्या टँकला चिकटवून वर दोनदा अंगठा फिरवला. मला तर शाळेत बिल्ला मिळाल्यासारखं झालं.

आणि मग मी काय केलं? पहिल्याच हिवाळ्यात दोन मासे गेले. उरलेले सहा भेदरून दिवसभर पाल्यामागे लपून बसायचे. कुणी घरी आलं आणि मी कौतुकाने टँक दाखवायला गेले, की नुसतं पाणी! मला ते बघवेना. एक दिवस बाजारातल्या माशांच्या दुकानात डोकावले तर समोर हुबेहूब तेच मासे. दुकानदार म्हणाला, “बिल्कुल वही है, मॅडम.” मी चार घेतले. घरी आणून सोडले आणि तासाभरात दहाच्या दहा मासे पुढे येऊन काचेपाशी घिरट्या घालायला लागले. इतकं गोड दिसत होतं की मी टाळ्या पिटल्या. काकांना मात्र मी त्यानंतर एकही फोटो पाठवला नाही. म्हणजे आतून मला कळत होतं. पण आपल्याला कळतंय हे स्वतःशी कबूल करायला मी तयार नव्हते.

असं दीड वर्ष गेलं आणि मग तो जूनमधला फोन.

आमचे हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. हे बँकेतून निवृत्त झाले. आयुष्यभर ह्यांनी चेकवरच्या सह्या ताडून बघितल्या. माणूस शांत, इतका शांत की माझ्यासारखीला वेड लागायची पाळी येते. मी सगळं भडाभडा सांगून टाकलं, रडले, स्वतःला शिव्या दिल्या, दुकानदाराला दिल्या. ह्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा पुसला आणि विचारलं, “स्पेसिमेन आहे का?”

“कसलं स्पेसिमेन?”

“मूळ सही. काकांचे आठ मासे आले, त्या दिवशीचे फोटो आहेत का तुझ्याकडे?”

अगं बाई! फोटो? शेकड्यांनी होते! पहिल्या आठवड्यात मी एखाद्या बाळंतिणीच्या आईसारखी सारखी फोटो काढत सुटले होते. पिशवीतले, टँकमधले, डावीकडून, उजवीकडून. लेकीने ते सगळे लॅपटॉपवर घेतले आणि म्हणाली, “आई, यार, एकेका फिशचे इतके फोटो? माझे तरी काढलेस का एवढे?” पण तिने मान मोडून तीन संध्याकाळी बसून एकेक फोटो मोठा करून दिला. मग मी टँकमधल्या दहाही माशांचे दोन्ही बाजूंनी नवे फोटो काढले. मासा काचेपाशी येऊन सरळ उभा राहील ती वेळ साधायची म्हणजे काय दिव्य असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

ह्यांनी जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन दुकान मांडलं. जुना फोटो डावीकडे, नवा उजवीकडे. कल्ल्यामागचा पट्टा एखाद्याचा सरळ, एखाद्याचा खाली वाकडा, एखाद्याच्या पट्ट्याला मध्येच खाच. तीन खुणा जुळल्या तर पास, दोन जुळल्या तर परत बघायचं, त्याहून कमी असल्या तर नाही. मी मागे उभी राहून “हा तोच! हा तोच आहे हो!” म्हणून ओरडायचे, आणि हे बोट वर करून मला गप्प बसवायचे. तीन आठवडे आमच्या घरी जेवण सोफ्यावर झालं. पण काय सांगू, पहिला मासा पूर्ण जुळला तेव्हा ह्यांनी स्वतः टेबलावर मूठ आपटली! एकतीस वर्षांत मी ह्या माणसाला असं करताना पाहिलं नव्हतं.

शेवटी निकाल लागला. पाच मासे काकांचे, नक्की. चार दुकानातले, नक्की. आणि सहावा, म्हणजे सहावी, एक गुबगुबीत मादी, तिचा डाव्या बाजूचा जुना फोटो नेमका धूसर.

“ती काकांचीच आहे,” मी म्हटलं. “मला तिचा चेहरा ओळखू येतो.”

“दोनच खुणा जुळतात. दीड वर्षात एखादा जुना मासा मरून टँकमध्येच झालेलं पिल्लू मोठं झालेलं असू शकतं.”

“अहो, सगळ्यात तब्येतीची मादी आहे ती! तिला बाहेर ठेवायचं?”

“सही जुळत नाही. पास करता येणार नाही,” हे म्हणाले. मी दोन दिवस अबोला धरला. हे त्या शांततेत आणखीच खुशीत दिसले, तेव्हा मी अबोला सोडून दिला. मादी चार दुकानवाल्यांबरोबर दिवाणखान्यातल्या छोट्या टँकमध्ये गेली.

म्हणजे उरले पाच. दोन नर, तीन माद्या. वय तीनच्या पुढे, आणि हा मासा जगून जगून चार-पाच वर्षं जगतो. एक बरं, की ह्या माशांची अंडी मादीच्या पोटाबाहेर, पाण्यात फळतात. त्यामुळे वेगळी काढलेली जोडी आज अंडी घालील ती निखळ त्या दोघांचीच. पण त्यांनी घातली पाहिजेत ना! ह्या पाचांनी पिल्लं दिली तर काकांचा व्हाळ शिल्लक, नाही दिली तर कायमचा पुसला गेला. असा सगळा भार माझ्या स्वयंपाकघराशेजारच्या गॅलरीवर येऊन पडला.

“काकांना आज सांगून टाक,” हे म्हणाले.

“पिल्लं झाली की सांगीन. नुसतं वाईट सांगण्यापेक्षा चांगल्याबरोबर सांगितलेलं बरं.”

“आज सांग.”

“तुम्ही गप्प बसा हो!”

मी सांगितलं नाही. काका दर रविवारी फोन करायचे, “काय म्हणतायत मंडळी?” असं विचारायचे, आणि मी “मजेत!” म्हणायचे. फोन ठेवला की ह्यांच्याकडे बघायचं टाळायचे.

आता पाण्याचं बघा. त्या व्हाळाचं पाणी मऊ, आणि आमच्या नळाचं असं जड की किटलीत पांढरा थर बसतो. त्यात ह्या माशांची अंडी सहसा फळत नाहीत. म्हणून आरओचं पाणी साठवायचं आणि त्यात नळाचं थोडंसं मिसळायचं. आमचा आरओ थेंब थेंब गळणारा. मग मी सोसायटीत तीन घरी कॅन नेऊन ठेवले. हे रोज संध्याकाळी ते गोळा करून लिफ्टमधून आणायचे. लिफ्टमध्ये कुणी विचारलं की “मछली का पानी है” एवढंच सांगायचे आणि पुढे एक शब्द नाही.

सप्टेंबरच्या शेवटी ऊन उतरलं आणि मी पहिली जोडी वेगळी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी नर लालबुंद होऊन मादीच्या मागे लागला. पाल्यात शिरून दोघं अंगाला अंग घासून थरथरले आणि बारीक, पारदर्शक दाणे खाली पडले. अंडी! मी फोन आणायला आत धावले, परत येते तो काय, आईबाप दोघंही खाली वाकून एकेक अंडं टिपून खातायत! “अरे मेल्यांनो, तुमचीच आहेत ती!” म्हणून मी काच बडवली. पण ह्या जातीला पोरांची माया नाही हे काकांनी मला आधीच सांगितलं होतं. मीच विसरले होते.

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले. तळाशी गोट्यांचा थर दिला, म्हणजे अंडी फटीत पडतील आणि ह्यांच्या तोंडी लागणार नाहीत. हिरव्या लोकरीचा जाड झुबका बांधून पाण्यात सोडला, पाल्याऐवजी. लोकर कुठली, तर मागच्या थंडीत खाली उन्हात बसून बायकांबरोबर विणायला घेतलेल्या ह्यांच्या स्वेटरची. अर्धा झाला होता, उसवला. अंडी पडली, जोडी बाहेर काढली, मी श्वास धरून बसले. दुसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी पडली आणि त्यांच्यावर कापसासारखी बुरशी आली. एकही फळलं नव्हतं. तो नर म्हातारा झाला होता बहुतेक. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तीनपैकी एक मादी सकाळी तळाशी निपचित पडलेली मिळाली. आता दोन माद्या, आणि भरवशाचा एकच नर.

दिवाळीनंतर हवा गढूळ झाली, सगळ्यांचे घसे बसले, आणि मी दारं-खिडक्या लावून, हीटर लावून तिसऱ्यांदा जोडी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळही न करता स्टूल घेऊन बसले. हेही आले, चहाचा कप घेऊन. नर एकदम निळा-तांबडा पेटला होता. दोघं लोकरीत शिरले, थरथरले, बाहेर आले, परत शिरले. तासभर चाललं होतं. मी जोडी उचलून बाहेर ठेवली आणि हात जोडले, कुणाला ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी अंडी स्वच्छ होती. पांढरी मोजकीच. त्याच्या पुढच्या सकाळी मी काचेला नाक लावून बघते तर पापणीच्या केसाएवढं काहीतरी काचेला उभं चिकटलेलं. मी बघत असताना ते टुणकन उडालं! मग दुसरं दिसलं. तिसरं! मी अशी काही किंकाळी फोडली की समोरच्या फ्लॅटमधल्या बाई बेल वाजवत आल्या.

“भाभीजी, सब ठीक है ना?”

“बच्चे हो गये!” मी त्यांचे दोन्ही हात धरून म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “किसके?”

“मछली के!” तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्याही आत आल्या आणि आम्ही दोघी काचेला नाक लावून बसलो.

पुढचे पंधरा दिवस मी माणसांत नव्हते. त्या जिवांची तोंडं एवढीशी की त्यांना दिसणारं कुठलंही अन्न चालत नाही. कोबीचं पान पाण्यात कुजवायचं, म्हणजे त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू होतात, आणि ते पाणी थेंबाथेंबाने पाजायचं. त्या कोबीचा असा वास सुटला की लेक मैत्रिणीकडे राहायला गेली. आठवड्याने उलट्या बाटलीत मिठाच्या पाण्यात बारीक कोळंबीची अंडी उबवायला घातली. ती नारिंगी पिल्लं टँकमध्ये सोडली आणि दहा मिनिटांत प्रत्येक माशाचं पोट नारिंगी! पारदर्शक अंगात नारिंगी ठिपका! सगळे जेवले, सगळे जेवले, असं मी घरभर सांगत सुटले.

जानेवारीच्या मध्याला मोजली. एकतीस. ह्यांनी वेगळी मोजली, तीही एकतीस. अंगावर पट्टे उमटायला लागले होते. आता माझ्याकडे काही सबब उरली नव्हती. मी काकांना फोन केला आणि म्हटलं, “या.”

काका त्याच दुपारी आले. मफलर, कानटोपी आणि हातात झाकणाचा डबा. दारातच सगळं सांगायचं असं मी ठरवलं होतं, पण ते बूट काढून सरळ गॅलरीत गेले आणि टँकसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. कानटोपी काढली. एकेका पिल्लावरून नजर फिरवली. मग एकदम लहान मुलासारखे हसले.

“ताई, शेपटीचा पट्टा बघा. रुंद आहे की नाही?”

आणि मी सांगितलं. उभ्यानेच, सगळं. चार मासे आणले ते, फोटो पाठवले नाहीत ते, ओळखू येईनात ते.

काकांनी मान वर केली नाही. “जूनमध्ये मी फोन केला, तेव्हा ते चार आत होते?”

“होते.”

“आणि तुम्ही म्हणालात, एकदम मस्त आहेत.”

“हो.”

“मी त्या दिवसानंतर रोज झोपलो, ताई. तुमच्या भरवशावर,” ते म्हणाले, आणि कानटोपी परत डोक्यावर चढवली.

मला इतकी लाज वाटली की मी तोंड लपवायला स्वयंपाकघरात गेले. चहा उतू गेला तरी मला कळलं नाही. मागे ह्यांचा आवाज ऐकू आला. “काका, एवढं बघून घ्या. मग जायचं तर जा.” ह्यांनी प्लास्टिकची फाइल काढली होती. प्रत्येक माशाचं वेगळं पान, जुना फोटो, नवा फोटो, खुणांवर लाल पेनाने बारीक गोल. काकांनी भिंग मागून घेतलं. अर्धा तास ते एकेक पान उलटत होते. मी दाराआड उभी राहून मनातल्या मनात प्रत्येक पान मोजत होते.

“हे सहावं?” काकांनी विचारलं.

“जुळलं नाही. पास केलं नाही.”

काकांनी ते पान उजेडाकडे धरलं, परत खाली ठेवलं. “मलाही नाही सांगता येत. बरं केलंत, नाही घेतलंत ते.” मग फाइल मिटली. “पाच आमचेच आहेत. पिल्लं व्हाळातली आहेत.” आणि आतल्या दिशेने मोठ्याने म्हणाले, “ताई, चहा आहे की तोही सांगायचा राहिलाय?”

मी रडत रडतच चहा गाळला. पंधरा पिल्लं पिशवीत भरली, डब्यात ठेवली. सोळा आमच्याकडे. काका म्हणत होते, आता वीज गेली तर बॅटरीचा पंप आहे, शेजाऱ्याला चावी देऊन ठेवलीय. हे “अच्छा, अच्छा” करत होते. मी पट्टी लिहायला घेतली, आणि घाईत पहिला कागद फुकट गेला.

जाताना दिवाणखान्यात काका थबकले. कोपऱ्यात छोटा टँक होता, त्यात दुकानातले चार आणि ती सहावी.

“हेच ते?”

“हेच ते मेले,” मी म्हटलं. सात महिने त्या चौघांचा मी मनापासून राग केला होता. खायला घालायचे, पण हात आखडता घेऊन. “दुकानदार परत घेत नाही. नाहीतर कधीच दिले असते.”

काका गुडघ्यावर हात ठेवून वाकले. बराच वेळ बघत राहिले. “पट्टी नाही ह्यांच्यावर.”

“काय लिहिणार काका? दुकान?”

“मासा दुकानात उगवत नाही, ताई. हेही कुठल्यातरी व्हाळातलेच. कुणीतरी जाळ्याने उपसले आणि दिल्लीला पाठवले. तो व्हाळ आहे की बुजला, कोण जाणे.” त्यांनी काचेवर बोट ठेवलं, तसा एक मासा बोटापाशी आला. “माझे गेले तेव्हा मी तुम्हाला फोन तरी केला. ह्यांचे गेले तर कोण कुणाला फोन करणार?”

सात महिने मी त्यांना चोर समजत होते, आणि त्यांच्यासाठी कुणी चिखलात उभं राहून बघितलंसुद्धा नसेल.

“सहावी वेगळी ठेवा,” काका म्हणाले. “ह्या चारांत माद्या किती?”

“दोन.”

“मग ‘पाणी माहीत नाही’ अशी पट्टी लावा आणि ह्यांचीही जोडी सोडा. वाट कसली बघताय?”